हलगी आणि व्हायोलिन : शाळेच्या वेळापत्रकात कोणाचे गुण बसतात?



‘मुलांच्या सुप्त कलागुणांना वाव देण्यासाठी’ हे शब्द महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलेले असतात. मंचावर पाहुणे बसतात, कोणीतरी ‘प्रत्येक मूल वेगळे असते’ असे भाषण करतो, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा पुन्हा धडे, स्वाध्याय आणि घटक चाचणीला लागते. या शब्दांवर आमचा राग नाही. आमचे तीन साधे प्रश्न आहेत. कोणाचे गुण? कोणते गुण? आणि हा गुण आहे की नाही, हे ठरवणार कोण?

शाळा मुलांचे वेगवेगळे गुण फुलवते का, या प्रश्नावर दरवर्षी चर्चासत्रे होतात. तिथे नेहमी एकच रडगाणे असते : परीक्षेचे ओझे, घोकंपट्टी, पालकांच्या अपेक्षा, क्लासेसचा बाजार. हे सगळे खरे आहे. पण या चर्चेतून एक शब्द कायम गाळला जातो. तो शब्द म्हणजे जात. शाळा सगळ्यांचेच गुण मारते, असे म्हणणे अर्धसत्य आहे. शाळा काही गुण निवडून फुलवते आणि काही गुण दिसले तरी दिसले नाहीत असे करते. ही निवड कोणत्या रेषेवर होते, ते आज आपण बोलू.

आधी दहावीच्या वाढीव गुणांपासून सुरुवात करू, कारण गुणपत्रिका कोणालाही वाचता येते. आपल्या राज्यात शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनाही मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण हा लाभ मिळवायला काय लागते ते पाहा. मूल आठ-नऊ वर्षांचे असतानाच क्लासला घालावे लागते. तबला किंवा पेटी विकत घ्यावी लागते. वर्षामागून वर्ष परीक्षेची फी भरावी लागते. चित्रकलेच्या परीक्षेसाठी शाळेत चित्रकलेचा शिक्षक असावा लागतो आणि नसेल तर बाहेरची शिकवणी लावावी लागते.

आता आपल्या वस्तीतला मुलगा घ्या. बापाच्या, काकाच्या मागे फिरून सातव्या वर्षी तो हलगीवर ताल धरतो. चाळीस माणसे नाचत असताना लय सुटू देत नाही. अंगात आलेला हा ताल त्याने कोणत्या परीक्षेला बसून दाखवायचा? लोककलेला वाढीव गुणांची तरतूद कागदावर आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण तिथेही संस्थेचा दाखला लागतो, आणि वस्तीतल्या बँडपथकाकडे वा कलापथकाकडे दाखल्याचे छापील पुस्तक नसते. म्हणजे ताल तोच, मात्रा त्याच, मेहनत तितकीच. एकाच्या हाताला ‘कला’ म्हणतात आणि गुणपत्रिकेत जागा देतात. दुसऱ्याच्या हाताला ‘त्यांच्या रक्तातच आहे’ म्हणतात आणि मिरवणुकीत पुढे उभे करतात.

‘रक्तातच आहे’ हे वाक्य नीट ऐका, मित्रांनो. ते कौतुक नाही. त्याचा अर्थ असा, की तू मेहनत केलेली नाहीस, तू शिकलेला नाहीस, म्हणून तुला शिक्षक नको, मानधन नको, प्रमाणपत्र नको. डॉक्टरच्या मुलीने कथक केले तर ती साधना होते आणि कोल्हाट्याच्या मुलीने पाय आपटला तर तो धंदा होतो. शाळा हा भेद नव्याने तयार करत नाही. गावाने केलेला भेद ती उचलते आणि त्यावर गोल शिक्का मारते.

दुसरा पुरावा भाषेचा. वक्तृत्व स्पर्धेला कोणाला उभे करतात? सूत्रसंचालन कोणाला देतात? ज्याचे उच्चार ‘शुद्ध’ त्याला. ‘आनी’, ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणारे पोर मधल्या सुट्टीत दहा जणांना गोष्ट सांगून खिळवून ठेवत असते. तेच पोर वर्गात उभे राहिले, की पहिल्याच वाक्याला हशा पिकतो. दुसऱ्या वेळी ते उभे राहत नाही. तिसऱ्या वर्षी मास्तर म्हणतात, ‘याला बोलताच येत नाही.’ एका गोष्टी सांगणाऱ्याला आपण असे मुके करतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला भिली आणि पावरी घेऊन शाळेत आलेल्या लेकरांचे तर पहिले वर्ष मास्तर काय बोलतात हे समजण्यातच जाते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्याने प्रयत्न करावेत, असे संविधानाचे कलम ३५०-अ सांगते. पण गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवले. बंगल्यात चालणारी बोर्डाची शाळा अधिकृत आणि लेकरांच्या भाषेत बोलणारी शाळा अनधिकृत!

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू, कारण आपण कायद्याची माणसे आहोत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते, की अभ्यासक्रम संविधानाच्या मूल्यांना धरून असावा, मुलाचा सर्वांगीण विकास व्हावा आणि त्याचे ज्ञान, क्षमता व प्रतिभा वाढीस लागावी. शब्द किती सुंदर आहेत! पण त्याच कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. सहावी ते आठवीला कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या विषयांसाठी अंशकालीन निदेशक द्यायचे, पण केव्हा, तर शाळेची पटसंख्या शंभरच्या वर असेल तेव्हा. म्हणजे शंभराच्या आतल्या शाळेतल्या मुलांना प्रतिभा नसते, असे परिशिष्टाने ठरवून टाकले. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराचा हिशोब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीचे काम करायचे आणि मग उरलेल्या वेळात मुलांच्या कलागुणांना वाव द्यायचा. वेळापत्रकात कलेचा तास आहे, कार्यानुभवाचा आहे, खेळाचा आहे. आता तर आनंददायी शनिवारही आहे. पण तो तास घेणारा माणूस नाही. आणि जिथे हे निदेशक नेमले, तिथे तुटपुंज्या मानधनावर वापरले, मग घरी बसवले. त्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले.

हे शंभराच्या आतले पट कुठे आहेत? तांड्यावर, पाड्यावर, वाडीवर, गावकुसाबाहेर. २०२३ मध्ये सरकारने काय उपाय काढला? २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायच्या. अशा सुमारे १५ हजार शाळा राज्यात होत्या. कारण काय दिले? तर थोड्या मुलांत पुरेशा सुविधा मिळत नाहीत, सवंगडी मिळत नाहीत, विकास होत नाही. वा! म्हणजे खेळाचा शिक्षक पाड्यावर पाठवायचा नाही, पाडाच बसमध्ये घालून न्यायचा. बस नाही आली तर? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले तर? मुलीला पाच-सात किलोमीटर कोण सोडेल? ती घरी बसेल. विविध गुणांच्या विकासाची भाषा बोलत बोलत शाळाच काढून घेण्याची ही युक्ती ओळखा. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागांमधून बहुतेक खासगी शाळांना सुटका देणारा नियम आला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला म्हणून बरे. इकडे वाडीवरची शाळा बंद आणि तिकडे स्केटिंग, पियानो, रोबोटिक्सवाल्या शाळेचे दारही बंद. मग मुलाने आपली आवड शोधायची कुठे?

आमच्यातलेच काही मित्र म्हणतात, ‘प्रतिभा असेल तर ती कुठूनही वर येते. अण्णाभाऊंना कुठे शाळा होती?’ हा युक्तिवाद फार गोड वाटतो, म्हणून तो मुळातून उपटला पाहिजे. अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले आणि तरी ‘फकिरा’ लिहिली, हे खरे. वामनदादा कर्डकांनी तरुणपणी मुंबईत आल्यावर अक्षरे गिरवली आणि पुढे हजारो गीते लिहिली, हेही खरे. पण यातून शाळेची गरज नाही असे सिद्ध होत नाही. वाटेगावच्या एका पोराच्या आड शाळा आली आणि तरी तो अण्णाभाऊ झाला. ज्या हजारो पोरांच्या आड ती आली आणि जे काहीच होऊ शकले नाहीत, त्यांची नावे कोणाला माहीत आहेत? पुरातून एक जण पोहून निघाला म्हणून पूल बांधू नये, असे कोणी म्हणते का?

पळवणकर बाळू आठवा. चांभार समाजातला हा गोलंदाज पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर मैदानाची कामे करायचा. साहेब लोक सरावासाठी त्याच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेत. फलंदाजी मात्र त्याला कधी करू दिली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूने शंभरहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही, आणि चहा मिळाला तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्याचा गुण कोणी नाकारला नव्हता. गुण वापरून घेतला होता. चेंडू टाक, बॅट मागू नकोस. आजच्या शाळेतही आमच्या पोरांच्या वाट्याला हेच येते. संमेलनाच्या खुर्च्या लावायला, मंडप बांधायला, कबड्डीत शाळेला ढाल आणून द्यायला आमची पोरे ‘गुणी’ असतात. विज्ञान प्रदर्शनाला कोणाला पाठवायचे हे ठरवताना मात्र ती कोणाला आठवत नाहीत.

आणि खुद्द बाबासाहेब. सातारच्या शाळेत घरून नेलेल्या तरटावर वेगळे बसलेले ते मूल. शिपाई आला नाही तर पाणी नाही. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून शिकवले नाही आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या कष्टाने मिळवले आणि त्याच्या बळावर शास्त्रांची चिरफाड केली. मोठेपणी त्यांनी व्हायोलिनही शिकायला घेतले. जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या, संविधान लिहिलेल्या माणसाला सूर शिकावेसे वाटतात, यात आपल्यासाठी काय आहे? हेच, की आवड ही श्रीमंतांची चैन नाही. माणूस असण्याचाच तो भाग आहे. व्हायोलिन हातात घेतलेले बाबासाहेब आपल्या वस्त्यांत फारसे दिसत नाहीत. ते दिसले पाहिजेत.

इथवर बहुतेक जण आमच्याशी सहमत होतील. आता अवघड भागाकडे येतो, कारण खरा सापळा इथे आहे.

‘प्रत्येक मुलाला त्याच्या कलाने शिकवा, सगळ्यांवर गणित-इंग्रजी लादू नका, हाताला काम द्या.’ ऐकायला किती पुरोगामी! आता १९५३ सालच्या मद्रास राज्यात चला. मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. ग्रामीण शाळेची वेळ रोज तीन तासांवर आणली. उरलेल्या वेळात मुलाने घरी बापाचा धंदा शिकायचा. कुंभाराच्या पोराने चाक फिरवायचे, चांभाराच्या पोराने कातडे कापायचे, धोब्याच्या पोराने कपडे बडवायचे. पेरियार आणि द्रविड चळवळीने या योजनेला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले आणि रान उठवले. १९५४ मध्ये राजाजींना खुर्ची सोडावी लागली. कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली. तमिळ जनतेने ओळखले होते, की ‘मुलाचा कल’ या शब्दाआडून ‘मुलाचे कूळ’ आत शिरते आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वाचताना आम्हाला हे साल आठवते. धोरण म्हणते : कला आणि विज्ञान, अभ्यास आणि छंद, यांत भिंत नको. मान्य. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम यांचा अनुभव द्या. दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवा. कागदावर यात वाईट काय आहे? काहीच नाही. मुंबईतल्या महागड्या शाळेचा मुलगा दहा दिवस कुंभारकाम करेल, फोटो काढेल आणि अकराव्या दिवशी कोडिंगच्या वर्गात बसेल. त्याच्यासाठी तो छंद आहे. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत, जिथे प्रयोगशाळा नाही, गणिताची जागा रिकामी आहे, तिथल्या पोराच्या हातात करवत दिली, की ती दहा दिवसांनी परत घेतली जाईल याची हमी कोण देतो? त्यात २०१६ ला बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलाने शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावणे कायदेशीर झाले. या देशात घरचा धंदा म्हणजे जातीचा धंदा, हे संसदेला माहीत नव्हते का? शाळेत कौशल्य, घरी धंदा, मध्ये कल. तिन्ही दोऱ्या एकत्र वळल्या की कुळाचा दोर तयार होतो.

आणि शाळेने आमच्या मुलांच्या हाताला काम द्यायचे ठरवले की ते काय देते, हेही आपण पाहिले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या मालूर तालुक्यात एका निवासी शाळेतल्या दलित मुलांना शौचालयाच्या टाकीत उतरवून साफ करायला लावले. मुख्याध्यापक आणि शिक्षकाला अटक झाली. झाडू आमच्या मुलीच्या हातात आणि रांगोळी दुसरीच्या हातात, हे कार्यानुभवाचे वाटप महाराष्ट्रातल्या शाळांना नवीन नाही.

या सापळ्याची फोड बाबासाहेबांनी १९३६ मध्येच करून ठेवली आहे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेले आणि होऊ न दिलेले ते भाषण, ‘जातिप्रथेचे विध्वंसन’, पुन्हा काढून वाचा. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे आपल्याला तोंडपाठ असते. पण त्याच्या पुढचे म्हणणे आपण कमी वाचतो. बाबासाहेब म्हणतात, की ही वाटणी माणसाच्या उपजत कलावर किंवा निवडीवर झालेलीच नाही. माणसाची क्षमता एवढी वाढवायला हवी, की आपला व्यवसाय निवडायला आणि घडवायला तो स्वतः समर्थ व्हावा. पुढे ते प्लेटोला घेतात. प्लेटोने माणसांचे तीन वर्ग पाडले. बाबासाहेब दाखवतात, की माणसामाणसांतले वेगळेपण इतके अपार आहे, की त्यांना तीन किंवा चार खणांत कोंबताच येत नाही. ‘गुणकर्मानुसार वर्ण’ म्हणून चातुर्वर्ण्याचे समर्थन करणाऱ्यांना दिलेले हे उत्तर आहे.

आता कळले का, की ‘मुलांचे विविध गुण’ हा विषय कोणाचा आहे? तो बहुविध बुद्धिमत्तेची पत्रके वाटणाऱ्या महागड्या शाळांचा नाही. तो आपला आहे. चातुर्वर्ण्याला चारच गुण दिसत होते. प्रत्येक माणूस वेगळा आहे, हे सांगून आपल्या बापाने चातुर्वर्ण्य मोडीत काढले. म्हणून गुणांच्या नावावर कोणी पुन्हा खण पाडू लागले, तर त्याला अडवण्याचा पहिला अधिकार आपला आहे.

मग हलगीचे काय? आपल्याच चळवळीत यावर दोन मते आहेत. एक म्हणते, हलगी ही गुलामीची खूण आहे, गावकीने लादलेले काम आहे, फेकून द्या. दुसरे म्हणते, ती आमच्या पूर्वजांची कला आहे, जपा. आमचे मत असे. प्रश्न हलगीचा नाही, ती वाजवायला कोण सांगतो याचा आहे. पाटलाच्या वरातीत ‘ए, वाजव रे’ म्हटले की ती वेठ आहे. ती नाकारलीच पाहिजे आणि त्यासाठी मार खाल्लेल्या माणसांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण तीच हलगी शाळेच्या वेळापत्रकात आली, शिकवणाऱ्याला शिक्षकाचा पगार मिळाला, पाटलाचे, जोशाचे आणि कांबळ्याचे पोर एका रांगेत बसून शिकले आणि तिघांनाही गुण मिळाले, तर ती कला झाली. कसोटी सरळ आहे : वरच्या जातीचे मूल हलगी शिकते आहे का, आणि मातंगाचे मूल व्हायोलिन, संस्कृत, खगोलशास्त्र शिकते आहे का? दोन्ही घडत असेल तर ती आवड. एकच घडत असेल तर ती जात.

आपल्या आई-बापांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. मुलगी म्हणाली, मला चित्रे काढायची आहेत, की आई म्हणते, ‘आधी नोकरी लागू दे, मग काढ.’ मुलगा नाटकात गेला की बापाची झोप उडते. या भीतीला मागासलेपणा म्हणणारे शहाणे आम्हाला मान्य नाहीत. ज्या घरात एका पगारावर तीन घरे उभी राहतात, तिथे मुलाने लातूरला जाऊन नीटची तयारी करावी, नाहीतर एमपीएससी द्यावी, असे वाटणे साहजिक आहे. शाळेने आमच्या मुलांपुढे दोनच वाटा ठेवल्या, सरकारी नोकरी नाहीतर मजुरी. म्हणून आई-बाप पहिली वाट धरतात. त्यांना दोष देऊ नका. तिसरी, चौथी, दहावी वाट उघडायला लावा. रोहित वेमुलाला विज्ञानावर लिहायचे होते, ताऱ्यांवर लिहायचे होते. या व्यवस्थेने जानेवारी २०१६ मध्ये आपल्याला त्याचे पत्र दिले, पुस्तक मिळू दिले नाही. अशी किती पुस्तके अजून आपल्या वस्त्यांत अडकून आहेत!

शाळेला हे जमतच नाही, असे मात्र कोणी सांगू नये. जमते, आणि आपल्याच माणसांनी ते करून दाखवले आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. एका मातंग मुलीच्या हाती लेखणी आली आणि तिने थेट धर्मालाच प्रश्न विचारले. त्या शाळेने तिला आदर्श निबंध पाठ करायला लावला असता, तर हे घडले असते का? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाबरोबर मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास, भूगोल, आरोग्य आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले. नीट पाहा : त्यांनी शेती मागितली, पण इतिहास-भूगोल सोडून नाही. ‘किंवा’ नाही, ‘आणि’. आपली मागणी या ‘आणि’मध्ये आहे.

औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय घ्या. १९५० मध्ये मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली पहिल्या पिढीची पोरे तिथे बसली. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले, विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले. तिथेच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी पुढे ‘अस्मितादर्श’ चालवले आणि एक अख्खे साहित्य उभे राहिले. त्या पोरांना बी.ए. करण्यासाठी नाटक सोडावे लागले नाही, आणि नाटक करण्यासाठी बी.ए.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पटसंख्येची अट काढून प्रत्येक सरकारी शाळेला, गरज पडल्यास तीन-चार शाळांत मिळून, कला, संगीत आणि खेळाचा कायम शिक्षक द्या. शिक्षक शाळेत जाईल, पाडा बसमध्ये चढणार नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळांत आणि आश्रमशाळांत वाद्ये, रंग, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि ते शिकवणारी माणसे द्या. लोककलेच्या गुणांसाठी संस्थेच्या दाखल्याऐवजी शाळेतच प्रात्यक्षिक परीक्षा घ्या, आणि परीक्षक म्हणून लोककलावंत बसवा. कौशल्य शिक्षण द्यायचे तर आधी गणित, विज्ञान, इंग्रजीच्या रिकाम्या जागा भरा. आणि कोणत्या मुलाला कोणते काम दिले याची नोंद जातनिहाय तपासली जाऊ द्या.

सरकार हे आपण होऊन देणार नाही. म्हणून काम आपल्याला करायचे आहे. विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या, तर प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित गटातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. आपल्या किती आया त्या समितीच्या बैठकीत बोलतात? किती जणींची सही नुसती घरी आणून घेतली जाते? या जूनमध्ये आपापल्या गावात, वॉर्डात जा. समिती कोण आहे ते विचारा. कलेचा आणि खेळाचा तास प्रत्यक्ष कोण घेतो, क्रीडा साहित्याचा आणि ग्रंथालयाचा निधी कुठे गेला, हे माहिती अधिकारात मागा. संमेलनात सूत्रसंचालन कोणी केले आणि खुर्च्या कोणी उचलल्या, हेही विचारा.

आणि जयंती येईल तेव्हा मंडळांनो, डीजेच्या एका रात्रीच्या पैशात विहारातल्या ग्रंथालयाला एक दुर्बीण, चार हलग्या, दोन पेट्या आणि एक व्हायोलिन येते का, याचा हिशोब मांडा. सोमवारी ताल, बुधवारी तारे, शुक्रवारी चित्रे. शिकवायला वस्तीतलेच म्हातारे वादक आणि कॉलेजची पोरे बसवा. मुला-मुलींना काय आवडते हे त्यांना आधी ठरवू द्या. त्यांचा बाप काय करतो, हे शेवटपर्यंत विचारू नका.

शाळेच्या भिंतीवर ‘प्रत्येक मूल वेगळे असते’ असे लिहिलेले असते. ते खरे करून दाखवायला त्या शाळेला भाग पाडणे, ही आपली लढाई आहे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातला पहिला शब्द ‘शिका’ आहे. काय शिकायचे, हे आता आपले लेकरू ठरवेल.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!